दोन वह्यांत वाटलेला धडा : नवी डिस्क न घेता ‘स्ट्रायपिंग’ तपासू या



शाळेच्या संगणक कक्षासाठी किंवा घरच्या फोटोंसाठी जादा साठवण घ्यायची वेळ आली की सल्ला मिळतो, “दोन डिस्क जोडून घ्या, जागा दुप्पट आणि वेगही जास्त.” हे खोटं नाही. पण त्यातली एक डिस्क बंद पडली तर काय, हे फारसं कुणी विचारत नाही. हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारायला हवा. आणि त्याचं उत्तर आपल्याला स्वतः करून पाहता येतं, तेही एक रुपया खर्च न करता.

स्ट्रायपिंग म्हणजे काय?

समजा, एक मोठा धडा दोन वह्यांत उतरवायचा आहे. पहिलं पान एका मुलाच्या वहीत, दुसरं दुसऱ्याच्या, तिसरं पुन्हा पहिल्याच्या. दोघं एकाच वेळी लिहितात, म्हणून काम लवकर होतं. डिस्कचंही तसंच. फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे आळीपाळीने दोन डिस्कवर लिहिले जातात. यालाच ‘रेड ०’ म्हणतात. पण एक वही हरवली तर? उरलेल्या वहीत १, ३, ५ अशी पानं असतात. धडा मात्र उरत नाही.

१९८८ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली. त्यांच्या निबंधात १ ते ५ असे पाच प्रकार होते, आणि पाचही प्रकारांत डिस्क गेली तरी माहिती परत मिळवण्याची तजवीज होती. शून्य हे नाव नंतर रूढ झालं. त्यातला शून्य म्हणजे जादा सुरक्षा शून्य, असं मुलांना सांगितलं की पक्कं लक्षात राहतं.

साहित्य

लिनक्स असलेला एक संगणक (उबुंटू चालेल) आणि त्यावर ‘एमडीएडीएम’ ही मोफत आज्ञावली. लिनक्समध्ये एक गंमत आहे. साध्या फाइललाच ‘ही डिस्क आहे’ असं भासवता येतं. याला लूप डिव्हाइस म्हणतात.

सावधान! या आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने द्याव्या लागतात. चुकून खऱ्या डिस्कचं नाव टाइप झालं तर त्यावरचं सगळं जाऊ शकतं. म्हणून प्रयोग व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा काहीही महत्त्वाचं नसलेल्या जुन्या संगणकावरच करा.

कृती

१. ‘ट्रंकेट’ आज्ञेने प्रत्येकी २०० एमबीच्या दोन रिकाम्या फाइल तयार करा.
२. ‘लॉसेटअप’ने त्या लूप डिव्हाइस म्हणून जोडा. झाल्या दोन डिस्क!
३. एमडीएडीएमने त्यांचा रेड ० संच बनवा, फॉरमॅट करा आणि एका फोल्डरला जोडा. जागा ४०० एमबीपेक्षा थोडी कमी दिसेल, कारण नोंदींसाठीही जागा लागते.
४. त्यात काही फोटोंच्या प्रती टाका. उघडून पाहा, सगळे दिसतील.
५. आता फोल्डर सोडवा, संच थांबवा आणि दुसरी ‘डिस्क’ काढून टाका. फक्त पहिलीवर संच पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करा.

काय दिसतं?

संच सुरूच होत नाही. एमडीएडीएममध्ये तुकड्याचं नेहमीचं माप ५१२ केबी असतं. म्हणजे ३ एमबीच्या फोटोचे साधारण ६ तुकडे होतात, ३ इकडे आणि ३ तिकडे. अर्धा फोटो तरी मिळेल, असं मुलांना वाटतं. पण कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदीही दोन्हीकडे विखुरलेल्या असतात.

आता हीच कृती रेड १ घेऊन करा. इथे दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, म्हणून जागा २०० एमबीच्या आतच मिळते. संच चालू असतानाच एक डिस्क निकामी झाल्याचं एमडीएडीएमला सांगा. फोटो तरीही उघडतात! मग दोन्ही डिस्क चालू असलेल्या संचात एक फोटो पुसून टाका. तो दोन्हीकडून जातो. म्हणून रेड १ हा बॅकअपला पर्याय नाही. वेगळी प्रत वेगळ्या जागी ठेवावीच लागते.

या प्रयोगात काय कळत नाही?

वेग. आपल्या दोन्ही ‘डिस्क’ खरं तर एकाच डिस्कवरच्या फाइल आहेत. एकाच मुलाने दोन्ही वह्या लिहिल्या तर वेळ वाचेल का? उलट, फिरत्या तबकडीच्या डिस्कवर काम मंदावूही शकतं. आकडे चांगले आले तरी भुलू नका, कारण बरीच माहिती रॅममध्येच थांबलेली असते. या प्रयोगातून रचना कळते आणि बिघाड झाल्यावर काय होतं ते कळतं. वेग मोजायचा तर खऱ्या वेगवेगळ्या डिस्कच हव्यात.

गणिताची जोड

दहावीच्या संभाव्यतेच्या धड्याला हे छान जोडता येतं. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता १०० त ५ आहे, असं मानू. दोन्ही चालू राहण्याची शक्यता ०.९५ × ०.९५ = ०.९०२५. म्हणजे रेड ० संच बुडण्याची शक्यता ९.७५ टक्के, जवळजवळ दुप्पट. चार डिस्क जोडल्या तर ती १८.५ टक्क्यांच्या आसपास जाते. मुलांना हे आधी अंदाजाने सांगू द्या, मग गुणाकार करायला लावा.

रेड ० वाईट आहे असं मात्र नाही. व्हिडिओ संपादनाच्या तात्पुरत्या फाइल, पुन्हा डाउनलोड करता येणारी सामग्री, अशा गोष्टींसाठी ते उपयोगी आहे. पण मुलांचे निकाल, दाखल्यांच्या नोंदी, घरच्या लग्नाचे फोटो त्यावर एकटे ठेवू नयेत. खरेदीआधी एकच प्रश्न विचारा, “यातली एक डिस्क गेली तर माझं काय उरेल?” उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर दुसरी प्रत कुठे ठेवायची ते आधी ठरवा आणि मगच डिस्क जोडा.