किलो, कोटी आणि लाखेचे सील

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे १९९९ च्या ज्या कायद्याला पोलिसांपासून आरोपींपर्यंत सगळेच ‘मोक्का’ म्हणतात त्यात, दुरुस्ती करून अमली पदार्थांच्या व्यापाराला संघटित गुन्ह्याच्या व्याख्येत नावानिशी जागा दिली. या दुरुस्तीचे स्वागत ज्या उत्साहाने झाले, त्या उत्साहात एक साधा प्रश्न मागे पडला. अमली पदार्थांविरुद्धचा मूळ कायदा देशातील सर्वांत कडक कायद्यांपैकी एक असताना त्यात नेमके काय कमी होते, की ज्यासाठी मोक्काची जोड हवी होती?

कडकपणा कमी नव्हता, हे तर उघड आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, अर्थात एनडीपीएस, याच्या कलम ३७ नुसार ‘व्यावसायिक प्रमाण’ ओलांडणाऱ्या साठ्याच्या गुन्ह्यात आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. व्यावसायिक प्रमाण म्हणजे ज्याच्या वर गेल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठरलेली आहे ते वजन, आणि ते पदार्थागणिक वेगळे आहे: गांजासाठी २० किलो, चरससाठी १ किलो, हेरॉइनसाठी २५० ग्रॅम, तर मेफेड्रोनसाठी अवघे ५० ग्रॅम. अशा गुन्ह्यात आरोपपत्र दाखल करण्यास तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात, मोक्कातही मुदतवाढ घेऊन तेवढेच मिळतात. तेव्हा जामीन अवघड करणे आणि मुदत वाढवून घेणे या मोक्काच्या दोन प्रसिद्ध गुणांचा येथे नवा उपयोग फारसा नाही.

खरा फरक मोक्काच्या कलम १८ मध्ये आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरायचा नाही, हे भारतीय पुरावा कायद्याचे जुने तत्त्व राज्य पोलिसांच्या अमली पदार्थविषयक तपासालाही नेहमीच लागू होते. केंद्रीय यंत्रणा मात्र एनडीपीएसच्या कलम ६७ खाली घेतलेले जबाब वर्षानुवर्षे न्यायालयात वापरत आल्या, आणि ती वाट २९ ऑक्टोबर २०२० रोजी तोफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बंद केली. मोक्काखाली मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य ठरतो, आणि तो सहआरोपींविरुद्धही वापरता येतो. ज्याच्या हाताला पावडर कधी लागतच नाही अशा सूत्रधारापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग आहे, म्हणूनच तो पोलिसांना हवा होता. आणि ज्याच्याजवळ काहीही सापडले नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दांवर अडकवण्याचाही तोच मार्ग आहे, हे सांगण्यास कोणा बचाव पक्षाच्या वकिलाची गरज नसावी. शिवाय मोक्का लावण्यासाठी मागील दहा वर्षांत टोळीविरुद्ध एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असणे आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे आवश्यक असते. जिची अशी पूर्वपीठिका नाही, त्या नव्याने जमलेल्या टोळीला ही दुरुस्ती सहजासहजी लागू होणार नाही.

आणि अशी टोळी जमायला जुनी गुन्हेगारी लागतेच असे नाही; महाराष्ट्रातील अलीकडच्या मोठ्या प्रकरणांत निर्णायक ठरते ते रसायनाचे ज्ञान. मेफेड्रोन, पोलिसांच्या भाषेत ‘एमडी’ आणि गिऱ्हाइकांच्या भाषेत ‘म्याव म्याव’, हा पदार्थ शेतात उगवत नाही. पूर्व आफ्रिका व अरबस्तानात चघळल्या जाणाऱ्या खात या वनस्पतीतील कॅथिनोन या द्रव्याशी त्याची रचना जुळते, पण तो संपूर्णपणे प्रयोगशाळेत तयार होतो. १९२९ मध्ये प्रथम बनवला गेलेला हा पदार्थ सत्तरएक वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हता. ब्रिटनने त्यावर २०१० मध्ये बंदी घातली आणि भारतात तो फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या अनुसूचीत आला. हेरॉइन सीमेवरून येते, गांजा आंध्र-ओडिशाच्या डोंगराळ भागातून ट्रकने येतो किंवा धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पिकांच्या आड उभा असतो आणि पोलीस तो उपटून जाळतात. या सर्व प्रकारांत पोलिसांना नाका, रस्ता किंवा शेत दिसते. एमडीच्या बाबतीत दिसते ते औद्योगिक वसाहतीतील एक शेड, ज्यात शेजारच्या शेडसारखीच पिंपे आणि रिअॅक्टर असतात आणि ज्याच्या वासाचे कोणाला काही वाटत नाही, कारण तेथे सगळ्याच शेडना वास असतो. औषधनिर्मिती व रसायन उद्योगाने राज्याला जे कौशल्य, जी यंत्रसामग्री आणि जो कच्चा माल दिला, त्याचीच ही काळी बाजू आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी केलेली कारवाई या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शहरातील किरकोळ साठ्यापासून सुरू झालेला तपास विश्रांतवाडीच्या गोदामात मिठाच्या पाकिटांआड दडवलेल्या मालापर्यंत, तेथून दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत आणि पुढे सांगली व दिल्लीपर्यंत गेला, आणि जप्त मालाचे वजन सतराशे किलोंच्या पुढे, तर जाहीर झालेली किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या पुढे पोहोचली. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्यावर छापा घालून १३३ किलो एमडी पकडले व त्याची किंमत सुमारे २६७ कोटी सांगितली. मार्च २०२४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ तालुक्यातल्या इरळी येथून सुमारे १२२ किलो माल जप्त केला. किंमत २४५ कोटी.

या तीन आकड्यांचा भागाकार केला तर तिन्ही ठिकाणी उत्तर किलोला दोन कोटींच्या आसपास येते. म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय बाजारभाव’ असे ज्याला म्हटले जाते तो प्रत्यक्षात एक ठरीव गुणक आहे: ग्रॅमला वीस हजार रुपये, ही शेवटच्या गिऱ्हाइकाने मोजायची रक्कम कारखान्यात पोत्यात भरलेल्या मालाला लावली जाते. हे म्हणजे बांधावरच्या कांद्याची किंमत हॉटेलातील भज्यांच्या प्लेटवरून काढण्यासारखे आहे. त्यात २०२० च्या हिरा सिंग प्रकरणातील निर्णयाने पदार्थात मिसळलेल्या निरुपद्रवी भेसळीचे वजनही एकूण वजनात धरायचे ठरवले आहे, त्यामुळे आकडा आणखी फुगू शकतो. पत्रकार परिषदेच्या टेबलावर मांडलेली पाकिटे आणि त्यांच्यामागे ओळीने उभे राहिलेले अधिकारी, या छायाचित्राखाली कोटींचा आकडा शोभून दिसतो हे खरे, पण कारवाईच्या गुणवत्तेबद्दल तो काहीच सांगत नाही.

गुणवत्ता सांगणारी गोष्ट वेगळी आहे, आणि वरील कारवायांपैकी किमान दोन तिच्यामुळे कौतुकास पात्र ठरतात. इरळीच्या कारखान्याचा माग कुर्ल्यात पकडलेल्या सहाशेचाळीस ग्रॅमच्या आसपासच्या साठ्यावरून लागला आणि शिंदे गावाचाही साकीनाक्यातील किरकोळ विक्रेत्यावरून. पुडी विकणाऱ्याला पकडून गुन्ह्यांची संख्या वाढवणे सोपे असते. त्याला माल कोणी दिला, त्या देणाऱ्याला कोणी, अशी मागे मागे जाणारी साखळी महिनोन्महिने धरून ठेवणे हे खरे पोलिसी काम होय. मात्र याच प्रकरणांची दुसरी बाजू अशी की नाशिकचा कारखाना मुंबईच्या पोलिसांना सापडला आणि सांगलीचाही मुंबईच्याच. औद्योगिक वसाहतीत किंवा गावाच्या वेशीवर काय शिजते आहे याचा स्थानिक पोलिसांना सुगावा न लागणे, ही राज्याने २०२३ मध्ये विशेष महानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली अमली पदार्थविरोधी कृती दल उभारण्याचा निर्णय घेतला त्यामागची खरी गरज मानता येईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी येथे पकडलेल्या मालातून तुळजापूरमधील एमडी विक्रीचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा हा व्यापार तालुक्याच्या गावापर्यंत गेल्याचे दिसले. खबऱ्यांचे जाळे महानगरात दाट आणि तालुक्यात विरळ असेल, तर नवे दल मुंबईत बसून फार काही करू शकणार नाही.

तरीही कोणत्याही प्रकरणाची खरी परीक्षा छाप्यानंतर सुरू होते, आणि ती वजनकाटा, लाख व कागद यांच्यावर होते. एनडीपीएस कायदा आरोपीवर जेवढा कठोर आहे तेवढाच तो तपास अधिकाऱ्यावरही आहे. मिळालेली खबर लेखी नोंदवून वरिष्ठांना कळवावी असे कलम ४२ सांगते. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा आपला हक्क आहे, हे आरोपीला सांगावे असे कलम ५० सांगते. बलदेव सिंग (१९९९) आणि विजयसिंह जाडेजा (२०१०) या दोन्ही घटनापीठांच्या निर्णयांनी हे सांगणे केवळ उपचार नसल्याचे स्पष्ट केले आहे. वाहनातून किंवा पिशवीतून माल मिळाला तर कलम ५० लागत नाही. म्हणूनच माल नेमका कोठे होता, खिशात की पिशवीत, यावर उलटतपासणीत तास न् तास जातात, आणि पंचनाम्यातील एखादा आळसाने लिहिलेला शब्द महाग पडतो.

यापुढचा टप्पा नमुन्याचा. कलम ५२-अ आणि २०१६ चा मोहनलाल प्रकरणातील निर्णय यांनुसार जप्त मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, त्याच्या प्रमाणपत्रासह तयार व्हायला हवेत. डिसेंबर २०२२ च्या नियमांनी नमुन्याचे वजनही ठरवून दिले आहे, ते अफू, गांजा व चरससाठी किमान २४ ग्रॅम आणि इतर पदार्थांसाठी किमान ५ ग्रॅम. पोलिसांची जुनी सवय मात्र जागेवरच नमुना काढून, लाखेचे सील लावून तो पाठवण्याची आहे, आणि या सवयीमुळे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिमरनजित सिंग व युसूफ या दोन प्रकरणांत शिक्षा रद्द केल्या. जानेवारी २०२५ मध्ये भारत आंबाळे प्रकरणात न्यायालयाने थोडी सवलत दिली: केवळ ५२-अ पाळले नाही म्हणून खटला कोसळत नाही, इतर पुरावा विश्वसनीय असला पाहिजे. या सवलतीचा पोलीस दलांत ‘आता चालते’ असा अर्थ लावला गेला तर तो आत्मघात ठरेल, कारण इतर पुरावा विश्वसनीय ठरवण्याची जबाबदारी पुन्हा पंचनाम्याच्या पंचांवर येते, आणि पंच किती वेळा फितूर होतात हे सत्र न्यायालयाच्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक असते.

नमुना जातो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. तिच्या अहवालाला पोलीस आजही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, कारण पूर्वी तो सरकारी रासायनिक विश्लेषकाच्या सहीने येत असे. या अहवालावाचून पांढरी पावडर ही केवळ पांढरी पावडर असते. मेफेड्रोनवर बंदी आल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, मार्च २०१५ मध्ये, मुंबईच्या एका पोलीस शिपायाच्या सातारा जिल्ह्यातील घरातून शंभर किलोंहून अधिक ‘एमडी’ आणि त्याच्या मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातील कपाटातून आणखी काही किलो जप्त झाल्याने केवढी खळबळ उडाली होती. पुढे प्रयोगशाळेच्या तपासणीत हा माल चायनीजच्या गाडीवर चिमटीने टाकले जाणारे अजिनोमोटो असल्याचा अहवाल आला. त्या पावडरीची किंमतही आधी कोटींतच सांगितली गेली होती. २०२२ चे नियम प्रयोगशाळेला अहवालासाठी पंधरा दिवस देतात. प्रयोगशाळांतील मनुष्यबळ आणि उपकरणे वाढवण्याचा विषय मात्र मोक्काच्या दुरुस्तीसारखा सभागृहात बाके वाजवून घेणारा नाही.

सेवन करणाऱ्यांविषयी कायद्यात अधिक शहाणपण आहे, पण वापर कमी आहे. अल्प प्रमाणातील साठ्यासह सापडलेल्या आणि स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, आणि कलम ३९ न्यायालयाला दोषी ठरलेल्या व्यसनाधीनाला उपचारांसाठी सोडण्याची मुभा देते. उलट रुग्णालय आणि तुरुंग यांच्यातील वाट महाराष्ट्राला माहीत झाली ती निराळ्याच कारणाने: २ ऑक्टोबर २०२३ रोजी अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील एक कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला, आणि त्याच्या दोनच दिवस आधी रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ दोन कोटींहून अधिक किमतीचे एमडी पकडले गेले होते. त्या कैद्याच्या टोळीलाही पुढे मोक्का लावला गेला, तोही २०२५ च्या दुरुस्तीच्या पुष्कळ आधी.

आता सतराशे किलोंचे कायद्याने काय होते तेही पाहावे. न्यायदंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र झाले की एवढा माल मालखान्यात सांभाळत बसण्याचे कारण उरत नाही, कारण कलम ५२-अ च्या चौथ्या पोटकलमानुसार प्रमाणित यादी, छायाचित्रे आणि नमुने हाच प्राथमिक पुरावा ठरतो. बाकीचा साठा विल्हेवाट समितीच्या देखरेखीखाली भट्टीत जातो. खटला उभा राहील तेव्हा विशेष न्यायाधीशांसमोर टेबलावर येतील ती पाच-पाच ग्रॅमची पाकिटे, आणि पहिला प्रश्न असेल तो त्यांच्यावरील लाखेच्या सीलचा ठसा पंचनाम्यातील ठशाशी जुळतो की नाही हा.