गाडीला रोजा नसतो

१९८७ ते १९८९ या तीन वर्षांत रमजान ऐन एप्रिल-मेमध्ये आला होता. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे हा महिना सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. त्या वर्षांत शाळेची सुटी आणि ईद जवळजवळ आल्या आणि मुंबईत राहणारी कोकणी मुस्लिम कुटुंबे भर उन्हाळ्यात गावाकडे निघाली. ज्यांच्या दारात फियाट होती, त्यांच्या घरात तो प्रवास अजून निघतो, बहुतेक इफ्तारनंतरच्या गप्पांत.

कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असल्याने पुढच्या लांब सीटवर तिघे बसत. मागे आजी, आई, आत्या. मांडीवर आणि पायाशी मिळून मुले किती, याचा हिशेब कोणी ठेवत नसे. टपावरच्या कॅरियरला बांधलेल्या वळकट्या, डिकीत ईदचे नवे कपडे, शेवयांची पुडकी आणि पाण्याचा डबा. पहाटे सहरी आटोपली की गाडी निघे. पनवेल, पेण, वडखळ, माणगाव, महाड. दाराची छोटी त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट तोंडावर येई. गाडीतला एसी तो तेवढाच.

पोलादपूर सोडले की मोठ्यांचे बोलणे कमी होई. पुढे कशेडी घाट होता. गाडी ठासून भरलेली, चढ लांब, ऊन डोक्यावर. एखाद्या वळणावर बॉनेटमधून वाफ येऊ लागे. गाडी कडेला घ्यायची, मुलांनी झाडाखाली बसायचे आणि रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, हा नियम लहानांनाही पाठ होता. उकळते पाणी उसळून हात भाजे. उष्णतेने पेट्रोलचीही वाफ होऊन इंजिन बंद पडे. मग इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओला फडका ठेवायचा. डब्यातले पाणी संपले की कोणीतरी जवळच्या वाडीकडे निघे.

"मावशी, पाणी मिळेल का?"

"प्यायला की गाडीला?"

"गाडीला. आमचे रोजे आहेत. गाडीला रोजा नसतो."

प्रवाशाला रोजा न ठेवण्याची मुभा आहे. तो नंतर भरून काढता येतो. तरी गाडी चालवणारे वडीलधारे बहुधा रोजा सोडत नसत. कोरड्या ओठांनी ते रेडिएटरमध्ये पाणी ओतत. मुले ते टक लावून पाहत.

मुलांना तेव्हा एक गोष्ट कळत नसे. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. दारातून मिळालेली ती कळशी कोणीतरी उन्हात डोक्यावरून चढवून आणलेली असे. घरच्या हंड्यातले पाणी अनोळखी माणसाच्या गाडीला द्यायचे, म्हणजे संध्याकाळी विहिरीवर आणखी एक खेप. ती खेप कोणी बोलून दाखवली नाही. आडनावही विचारले नाही. आजी निघताना घरातल्या पोरांच्या हातावर खजूर ठेवी, तेव्हा ती माउली संकोचाने म्हणे, "हे कशाला?"

पद्मिनीचे उत्पादन २००१ मध्ये थांबले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कशेडीच्या पोटातून आता बोगदा गेला आहे. घाटाची वळणे गाडीतल्या मुलांना दिसतही नाहीत. आजच्या गाडीचे इंजिन सहसा तापत नाही, त्यामुळे कोणाच्या दारात जाऊन पाणी मागण्याची वेळही येत नाही. प्रवास सुखाचा झाला, हे खरेच. त्या घाटात तासन्‌तास तिष्ठलेला माणूस याबद्दल तक्रार करणार नाही.

पण तेव्हा मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेली मुले आज पन्नाशीकडे आली आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या डिकीत आजही पाच लिटर पाण्याचा कॅन असतो. गाडीला त्याची गरज नाही, म्हणून घरचे हसतात. ते उत्तर देत नाहीत. महामार्गावर कोणी बॉनेट उघडून उभा दिसला, की मात्र गाडी कडेला घेतात. त्या वाडीतल्या घराचे नाव कोणालाच माहीत नाही, त्यामुळे ती कळशी परत करायची दुसरी सोय उरलेली नाही.