रेषांचेही मोल
२०१६मध्ये उघड झालेल्या पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशांत थाटलेल्या कंपन्यांच्या फुटलेल्या नोंदींत, सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे होती. शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्यांतले संबंध ‘निओफोरजे’ या ग्राफ डेटाबेसमध्ये, म्हणजे बिंदू आणि रेषांच्या जाळ्यात, मांडले. व्यक्ती, कंपनी, मध्यस्थ, पत्ता हे झाले बिंदू. खरी माहिती मात्र त्यांना जोडणाऱ्या रेषांत असते. प्रत्येक रेषेला दिशा आणि नाव असते. अमुक व्यक्ती तमुक कंपनीची संचालक आहे की भागधारक, हे रेषाच सांगते. कधीपासून कधीपर्यंत, हेही तिच्यावरच नोंदवता येते. पत्ता कंपनीच्या रकान्यात न कोंबता त्याचा स्वतंत्र बिंदू केला, हा मला यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. एकाच पत्त्यावर थाटलेल्या अनेक कंपन्या त्यामुळे लगेच समोर येतात. तक्त्यांच्या डेटाबेसमध्येही हे जमते, पण चार-पाच दुवे ओलांडायचे तर तक्त्याला तक्ता जोडत बसावे लागते.