परगावची न्याहारी

जून महिना लागला, परीक्षांचे निकाल हाती आले, की पांढुर्ण्याच्या रेल्वे स्थानकावर आणि सौंसरच्या बसथांब्यावर एक देखावा दरवर्षी दृष्टीस पडतो. नोकरीसाठी वा शिक्षणासाठी नागपूरला निघालेला मुलगा, त्याच्या पायांशी दोन पिशव्या आणि चिवड्याचा डबा, बाजूस निःशब्द उभा असलेला बाप, आणि गाडी हलेपर्यंत एकच वाक्य पुनःपुन्हा उच्चारणारी आई : "ठेल्यावरचं काही खाजो नको, बापा." या वाक्यामागील माया आम्ही जाणतो. तथापि यंदा त्या वाक्याविषयीच चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. आणि जे लिहिणार आहोत ते आमच्या माताभगिनींस प्रथमदर्शनी रुचणार नाही, याचीही आम्हांस कल्पना आहे.

सौंसरहून नागपूर सत्तर किलोमीटरांच्या आतबाहेर, पांढुर्ण्याहून शंभराच्या आसपास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर नागपूर ही आमच्याच राज्याची राजधानी होती. पुढे ते दुसऱ्या राज्यात गेले. आम्हीही ५ ऑक्टोबर २०२३ पासून छिंदवाडा सोडून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आलो. सीमा बदलल्या तरी रोजगाराची वाट काही बदलली नाही. बुटीबोरीचे कारखाने, हिंगण्याची औद्योगिक वसाहत, सीताबर्डी-धरमपेठेतील शिकवण्यांचे वर्ग येथे आमची मुले आजही जातात. काही तेथून पुण्यास, काही आखाती देशांतही पोचतात. अंतर थोडे असो वा फार, ज्या गावी सकाळी उठून आपली चूल पेटत नाही, ते गाव आमच्या आज्या परदेशच समजत असत.

गतवर्षी पावसाळ्यात सौंसरजवळच्या एका खेड्यातील माता आमच्याकडे आली. तिचा मुलगा नागपूरकडील एका कारखान्यात कामास लागून चार महिने झाले होते. तो घरी आला तेव्हा त्याची गालफडे बसली होती, आणि मध्यंतरी एकदा कामावर असताना भोवळ येऊन तो खाली बसला होता, असे त्याच्या सोबत्यांकडून कळले होते. "हा नक्कीच ठेल्यावर खातो, तुम्ही त्याला समज द्या," असे तिचे म्हणणे. आम्ही मुलास बोलावून विचारले. त्याने पुष्कळ वेळ मान वर केली नाही. मग सांगितले ते असे की, खोलीत चौघे राहतात, घरमालक शेगडी ठेवू देत नाही, सकाळी साडेसहाला निघावे लागते आणि कारखान्यात जेवण मिळते ते एक वाजता. नाक्यावर तर्री-पोह्याचा ठेला आहे. सोबती तेथे खातात. हा मात्र चहा आणि दोन बिस्किटे घेऊन पुढे जातो. "का रे?" असे आम्ही विचारले. "आईला शब्द दिला आहे," तो म्हणाला.

आता या मुलास आम्ही काय समज द्यावी? शब्द पाळणारा मुलगा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु रात्री नऊच्या जेवणापासून दुसऱ्या दिवशी एकपर्यंत सोळा तास होतात, आणि त्यांतले सहा-सात तास उभ्याने श्रम करायचे. हे व्रत त्याच्या आईने मागितले नव्हते. तिने रोगापासून रक्षण मागितले होते आणि पदरात पडली ती उपासमार. पाच-पन्नास रुपये वाचवून घरी धाडण्यासाठी न्याहारी टाळणारी मुलेही आम्हांस ठाऊक आहेत. ती तर आईच्या वाक्याचा आधारच घेतात.

तेव्हा आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. परगावी राहणाऱ्या आणि चूल नसलेल्या माणसाने ठेल्यावरची स्वस्त न्याहारी अवश्य खावी. मात्र कोणत्या ठेल्यावर आणि काय, हे त्याला पारखता आले पाहिजे. आणि ती पारख आईने शिकवावी, कारण कढईपुढे जन्म घालविलेल्या बाईइतकी ती दुसऱ्या कोणास येणार?

नागपूरच्या तर्री-पोह्याचीच गोष्ट घ्या. पोहे म्हणजे तांदूळच. कोरड्या शंभर ग्रॅमांत प्रथिन सहा-सात ग्रॅमांहून अधिक नसते. नुसते पोहे खाल्ले तर दहा वाजता पुन्हा भूक लागते, हा अनुभव सर्वांचा आहे. पण त्यांवर जो हरभऱ्याचा रस्सा पडतो त्याने चित्र पालटते. हरभऱ्यात त्याच वजनास तांदळाच्या दुपटीहून जास्त प्रथिन असते, आणि तांदळात जे घटक उणे असतात ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतात. म्हणून दोन्ही एकत्र आली की शरीरास त्यांचा चांगला उपयोग होतो. आमच्या घरी वरण-भात याच न्यायाने चालत आला आहे. दोष एवढाच की ठेल्यावर रश्श्याचा तवंग, म्हणजे खरी तर्री, सढळ हाताने मिळते आणि चणे मोजून मिळतात. गिऱ्हाइकाने मागणे करावे ते चण्यांचे. वर लिंबाची फोड पिळतात ती केवळ चवीसाठी नव्हे. लिंबातील क जीवनसत्त्वाने पोह्यांतील आणि चण्यांतील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. उलट त्याच बैठकीत घेतलेला चहा त्यास अडथळा करतो. सोबत्यांबरोबर चहा घ्यायचाच तर तो तासाभराने घ्यावा. (हे आम्ही मुलांस सांगतो तेव्हा ती हसतात. चहाविरुद्ध बोलून विदर्भात आजवर कोणी यशस्वी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

आलूबोंडा, समोसा, कचोरी यांचे तसे नाही. पोट भरते, जिभेस बरे वाटते, पण मैदा, बटाटा आणि तेल यांखेरीज त्यांत फारसे काही नाही. आणि ते तेल कितव्यांदा तापले आहे हा प्रश्न उरतोच. तेल वारंवार तापले की त्याचे विघटन होऊन शरीरास अपायकारक द्रव्ये त्यात साठतात. यासाठी भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा द्रव्यांची मर्यादा २५ टक्के ठरवून दिली. त्यापुढे गेलेले तेल वापरता येत नाही. नाक्यावर ते मोजणार कोण? पण काळपट, चिकट झालेले, फेस धरणारे, तापताच खवट धूर सोडणारे तेल कोणत्या मातेस ओळखता येत नाही? आठवड्यातून एखादा दिवस आलूबोंडा खाल्ल्याने कोणाचे नुकसान होत नाही. रोज खाणाऱ्याविषयी आम्हांस काळजी वाटते.

रोगाची भीती मात्र खोटी नाही, आणि ती नेमकी कोठे आहे हे पाहिले पाहिजे. रोगजंतू साधारणपणे पाच ते साठ अंश सेल्सियस या उष्णतेत झपाट्याने वाढतात. ज्या पातेल्यात रस्सा सारखा खदखदत आहे तेथे त्यांचे फारसे चालत नाही. सकाळी सातच्या गर्दीत वाफाळलेले पोहे खाणारा बहुधा सुखरूप राहतो. तेच पोहे अकरा वाजता परातीच्या तळाशी कोमट होऊन पडलेले असले, तर त्यांपासून दूर राहावे. शिजविलेला तांदूळ बराच वेळ कोमट राहिला तर एका जातीचे जंतू त्यात असे विष उत्पन्न करतात की, ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून "गरम करून देतो" या आश्वासनास भुलू नये. गर्दीचा ठेला चांगला म्हणतात त्याचे कारणही हेच : तेथे अन्न थांबत नाही.

याहून मोठे भय पाण्याचे. विषमज्वर, कावीळ, हगवण हे रोग पोह्यांपेक्षा पेल्यातून अधिक येतात. कापून उघडा ठेवलेला कांदा, पाणी मारून हिरवा राखलेला सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीस सांबार म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी), पातळ केलेली चटणी, आणि एकाच बादलीत विसळलेल्या बशा, यांच्यावर नजर ठेवावी. प्यायचे पाणी घरून बाटलीत न्यावे. वर्तमानपत्राच्या कागदावर दिलेला खाद्यपदार्थ घेऊ नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये तेलाबरोबर पोटात जातात, आणि अशा कागदात अन्न बांधण्यास २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी बंदी केली आहे. बंदी असूनही कागद दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही.

येथे ठेलेवाल्यास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या बादलीकडे पाहा. पहाटे चारला उठून तो तीस-चाळीस लिटर पाणी ढकलीत आणतो, आणि त्या पाण्यात त्यास दोनशे बशा धुवायच्या असतात. त्याच्या अंगी स्वच्छतेची आवड असली तरी नाक्यावर नळ नसतो. सिंगापूरच्या सरकारने ही गोष्ट ओळखली. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील फिरत्या विक्रेत्यांसाठी छप्पर, नळ आणि सांडपाण्याची सोय असलेली बाजारगृहे बांधण्यात आली, आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे विक्रेते त्यांत हलविले गेले. आज तेथील असंख्य नोकरदार माणसे सकाळची न्याहारी याच बाजारगृहांत करतात, आणि २०२० मध्ये युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीस मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या देशातही २०१४ मध्ये पथविक्रेत्यांचा कायदा झाला, त्यात विक्रीसाठी जागा ठरवून देण्याची तरतूद आहे. जागेबरोबर नळ दिला, तर आमच्या मातांची निम्मी चिंता तेथेच मिटेल.

गरिबांसाठी शासनाने स्वस्त थाळ्याही काढल्या. मध्य प्रदेशात २०१७ मध्ये दीनदयाळ रसोई पाच रुपयांत, महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताकदिनी शिवभोजन दहा रुपयांत सुरू झाले. दोन्ही उपक्रम स्तुत्यच. पण दोहोंचा रोख दुपारच्या जेवणाकडे. कामकऱ्याची सकाळ ठेल्यावाचून कोणी सांभाळली नाही. मुंबईचा वडा-पाव, जो १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर प्रथम विकला गेला असे सांगतात, तोही चूल नसलेल्या घाईच्या माणसाच्या गरजेतूनच वाढला.

खर्चाचा हिशोब थोडक्यात सांगतो. बशी पंचवीस रुपयांना धरली तर महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांचे साडेसहाशे रुपये होतात. खोलीवर चौघांनी मिळून पोहे केले, तर शेंगदाणे, तेल, कांदा धरून हा खर्च निम्म्यावर येतो. ज्यांस शेगडी ठेवता येते त्यांनी तसेच करावे, यात वाद नाही. ज्यांस ती ठेवता येत नाही त्यांनी साडेसहाशे रुपये आजारपणाच्या खर्चाशी ताडून पाहावेत. शिवाय चुलीवाचून होणारी न्याहारीही आहे. सातूचे पीठ गूळ घालून पाण्यात वा दुधात कालविले की दोन मिनिटांत भूक भागते. आमच्या आजोबांनी शेतावर हेच खाल्ले. आणि ज्या तालुक्यांतून संत्र्यांचे ट्रक देशभर जातात, त्या तालुक्यांतील मुलाने बहराच्या दिवसांत पिशवीत चार संत्री न नेता जावे, याचे आम्हांस नवल वाटते. पोह्यांनंतर एक संत्रे खाल्ले तर लिंबाची फोड न मिळाल्याची उणीव भरून निघते.

त्या मातेस आम्ही हे सारे सांगितले. तिचे समाधान झाले नाही. "मी पाहीन मग सांगीन," असे म्हणून ती पुढच्याच आठवड्यात पहाटेच्या बसने नागपूरला गेली आणि मुलाबरोबर त्या ठेल्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने कढई पाहिली, बादलीत डोकावली, चटणीचे भांडे झाकलेले नव्हते त्याबद्दल ठेलेवाल्यास दोन शब्द ऐकविले, आणि शेवटी स्वतः एक बशी घेऊन खाल्ली. पैसे देताना ती त्यास म्हणाली, "हा रोज येईल आता. याच्या बशीत तर्री कमी अन् चणे जास्त टाकत जा, भाऊ."