मोजा, पण पाळत नको!

मी साताऱ्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे मराठी जरा कच्चंच. सांगलीच्या हॉस्टेलवर रूममेट्सनी बरंच सुधारलंय, तरी चूकभूल द्यावी घ्यावी!

यंदा गॅदरिंगची वेबसाइट मी केली. ती किती जणांनी पाहिली हे सरांना हवं होतं, म्हणून एका मोठ्या जाहिरात कंपनीचा फुकटचा कोड चिकटवला. आठवड्याने पाहते तर काय... कोणत्या शहरातून, कोणत्या मोबाइलवरून, किती वेळ, सगळं हजर! आधी मजा वाटली. मग लक्षात आलं, यात माझ्याच विंगमधल्या मुली आहेत. त्यांना मी विचारलं होतं का?

असा कोड आपल्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची चिठ्ठी ठेवतो. तिच्यावरच्या नंबरवरून 'ही कालचीच' हे ओळखता येतं. एकाच कंपनीचा कोड हजारो साइट्सवर असला, की आपली भटकंती जोडणंही सोपं जातं.

मग मोजायचंच नाही? तसं नाही. 'प्लॉसिबल' हा ओपन सोर्स प्रोग्रॅम कुकी ठेवतच नाही. आयपी ॲड्रेस, ब्राउझरची माहिती आणि साइटचं नाव यांत एक गुप्त संख्या मिसळून तो सगळ्याचा 'हॅश' काढतो. मिक्सरमधल्या वाटणासारखंच, त्यातून खोबरं परत निघत नाही! त्या गुप्त संख्येला म्हणतात 'सॉल्ट', म्हणजे चक्क मीठ. रोज नवं मीठ, कालचं फेकून द्यायचं. त्यामुळे आज आलेली व्यक्ती उद्या पुन्हा आली तर नवीन धरली जाते. महिन्याचा आकडा थोडा फुगतो, पण कोणाचा माग राहत नाही.

सरांनी सर्व्हरवर जागा दिली आणि मी जुना कोड काढून हा बसवला. एक रुपयाही न देता! पण मित्रहो, लिहिणाऱ्यांचं पोट कसं चालतं? ओपनएसएसएल म्हणजे जगातल्या असंख्य साइट्सचं कुलूप. २०१४ साली त्यात 'हार्टब्लीड' हे भोक सापडलं, तेव्हा कळलं की त्या मंडळींना वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळायची आणि पूर्ण वेळ माणूस एकच!

यावर उपाय निघालेत. प्लॉसिबलवाले सर्व्हर चालवून देण्याची वर्गणी घेतात. २०२० साली त्यांनी एजीपीएल लायसन्स घेतलं. म्हणजे कोड बदलून सेवा चालवणाऱ्याने आपले बदलही खुले करायचे. आपल्या मुंबईची 'फ्रॅपे' कंपनीही 'ईआरपीनेक्स्ट'चा कोड खुला ठेवते आणि होस्टिंग, सपोर्टवर कमावते.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. मुष्टिफंडात घराघरांतून मूठ मूठ धान्य यायचं, त्यावर बोर्डिंगची मुलं जेवली, शिकली. साताऱ्यात वाढूनही हे मला उशिरा कळलं!

आपली मूठ कोणती? पैसेच हवेत असं नाही. चूक सापडली तर नीट कळवा, मदतीचं पान सुधारा, मराठी भाषांतर करा. मीही परवा मदतीच्या पानातली एक चूक दुरुस्त करून पाठवली. दोनच ओळी, पण मूठ तर टाकली!

तुमची कधी?