विश्लेषण : मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले की गाडी लवकर थांबते का?

सात-आठ वर्षे जुनी हॅचबॅक, घाटातला उतार आणि नेहमीपेक्षा खोल गेलेले ब्रेकचे पेडल. असा अनुभव आला की गाडीमालक गॅरेज गाठतो आणि तिथे अनेकदा एक सल्ला मिळतो, ‘मागचे ड्रम काढून डिस्क टाकून घ्या.’ समाजमाध्यमांवर अशा बदलाच्या चित्रफितींना तोटा नाही. भंगारात निघालेल्या गाड्यांचे सुटे भागही बाजारात मिळतात. मात्र सुरक्षेसाठी केलेला हाच बदल चुकला तर भर रस्त्यात गाडी गरकन फिरू शकते. असे का होते आणि ब्रेकवरचा खर्च नेमका कशावर करावा, याचा हा आढावा.

ड्रम आणि डिस्क ब्रेकमध्ये फरक काय?

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आत दोन अर्धगोलाकार शू असतात. पेडल दाबले की ते बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात पकडतो. तबकडीला वारा थेट लागतो, त्यामुळे ती लवकर थंड होते. ड्रममध्ये उष्णता कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि पेडल आणखी खोल दाबावे लागते. १९५३ साली ‘ल मान्स’ची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वारने जिंकली आणि या तंत्राकडे जगाचे लक्ष गेले. त्यानंतर प्रवासी गाड्यांच्या पुढच्या चाकांना हळूहळू डिस्क आल्या.

पुढे डिस्क, मागे ड्रम असे का?

मारुती स्विफ्ट, टाटा पंच अशा अनेक लोकप्रिय गाड्यांत आजही मागे ड्रमच असतात. त्यामागे केवळ काटकसर नाही. ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली झुकते, म्हणजेच वजन पुढच्या चाकांवर सरकते. समजा गाडी १,००० किलोची आहे. उभी असताना पुढच्या चाकांवर ६०० आणि मागच्या चाकांवर ४०० किलो भार आहे. दोन चाकांमधले अंतर २.४५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटीमीटर धरली, तर जोराचा ब्रेक लागताना सुमारे १८० किलो भार पुढे सरकतो. मागच्या चाकांवर उरतात जेमतेम २२० किलो. चाकावर जितका भार, तितकीच टायरची रस्त्यावर पकड. त्यामुळे अशा वेळी गाडी थांबवण्याच्या कामातला मागच्या चाकांचा वाटा एक चतुर्थांशाच्याही आत येतो. तेवढ्या कामाला चांगल्या स्थितीतला ड्रम पुरेसा असतो. तो स्वस्त असतो, चिखल-धुळीपासून झाकलेला असतो आणि हँडब्रेकसाठीही सोयीचा ठरतो. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ या इलेक्ट्रिक गाड्यांनाही मागे ड्रमच दिले. इलेक्ट्रिक गाडीचा वेग बराचसा मोटरच कमी करते. त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि उघड्या डिस्कवर गंज चढू शकतो.

मागचे चाक आधी जाम झाले तर?

खरा धोका इथेच आहे. फिरणे थांबून घसरू लागलेल्या टायरची बाजूची पकड संपते. पुढची चाके आधी जाम झाली तर स्टेअरिंग चालत नाही, पण गाडी सरळ घसरत राहते आणि पेडल सोडले की ताबा परत मिळतो. मागची चाके आधी जाम झाली तर मागचा भाग पुढच्या भागाला मागे टाकू पाहतो. रस्ता ओला असेल किंवा किंचित वळण असेल, तर गाडी क्षणात आडवी होते आणि ती सावरायला चालकाला वेळच मिळत नाही. म्हणूनच पुढची चाके आधी जाम व्हावीत, अशा बेताने कंपन्या ब्रेकची रचना करतात. त्यासाठी जुन्या गाड्यांत मागे जाणारा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. नव्या गाड्यांत हे काम एबीएसबरोबरची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते.

डिस्क बसवताना चूक कुठे होते?

ड्रम फिरताना एका शूला आपल्याबरोबर ओढून घेतो आणि तो शू आपोआप आणखी घट्ट दाबला जातो. म्हणून ड्रमला कमी दाब आणि छोटा व्हील सिलिंडर पुरतो. डिस्कमध्ये ही आयती मदत नसते. तेवढ्याच जोरासाठी कॅलिपरला मोठा पिस्टन लागतो आणि मोठ्या पिस्टनला जास्त ब्रेक ऑइल. मूळचा मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल एका दाबात ढकलू शकला नाही, तर पेडल खोल जाते. पिस्टन गरजेपेक्षा लहान निवडला तर मागचा ब्रेक आधीपेक्षाही कमजोर होतो, मोठा निवडला तर मागची चाके आधी जाम होतात. काही जुन्या गाड्यांत ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो काढला नाही तर डिस्कला पॅड सतत घासत राहतात. शिवाय हब, बेअरिंग आणि एबीएसचा सेन्सर जुळावा लागतो, मोठी डिस्क मूळच्या रिममध्ये मावावी लागते. थोडक्यात, फक्त चाकाकडचे भाग बदलून भागत नाही. पेडलपासून चाकापर्यंतच्या सगळ्या भागांचा मेळ पुन्हा घालावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने चक्कर मारून हा मेळ बसला की नाही ते कळत नाही.

हँडब्रेकचे काय?

ड्रममध्ये हँडब्रेकची केबल त्याच शूना फाकवते. डिस्कसाठी एक तर हँडब्रेकची यंत्रणा असलेला खास कॅलिपर लागतो किंवा डिस्कच्या मध्यभागी हँडब्रेकपुरता छोटा ड्रम. पुढच्या चाकाचा कॅलिपर मागे बसवण्याचे जुगाड केले तर हँडब्रेकच उरत नाही. योग्य कॅलिपर असला तरी केबलचा ताण नव्याने जुळवावा लागतो. घाट चढून आल्यावर तापलेली डिस्क थंड होताना आकुंचन पावते आणि सैल ओढलेला हँडब्रेक आणखी सैल पडतो. उतारावर उभी केलेली गाडी अशा वेळी कुणी आत नसतानाही सरकू शकते.

मागच्या डिस्कचा फायदा नसतोच का?

असतो, पण तो समजून घ्यायला हवा. लांब उतारावर वारंवार ब्रेक मारताना डिस्क जास्त वेळ दम धरते. पाण्यातून गाडी गेल्यावर डिस्क लवकर कोरडी होते, ड्रममध्ये पाणी रेंगाळते. पॅडची झीज तपासणे आणि पॅड बदलणेही सोपे असते. मात्र एका आणीबाणीच्या ब्रेकमध्ये गाडी किती अंतरात थांबणार, हे शेवटी टायरची पकड ठरवते. मूळचे ब्रेक चारही चाकांना पकडीच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे एबीएस सुरू होईपर्यंत नेत असतील, तर मागे डिस्क लावून ते अंतर फारसे घटत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरवर सुमारे ३१ मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाली की तेच अंतर ५० मीटरवर जाते. यात चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचे अंतर धरलेले नाही. त्याला एक सेकंद लागला तरी आणखी २२ मीटर जातात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. ‘ब्रेकचा प्रकार आरसीवर लिहिलेला नसतो, मग बदलला तर काय बिघडले,’ असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, सुटे भाग बसवून केलेल्या नियमबाह्य बदलाचाही उल्लेख आहे. त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीचे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेत त्याच्या ब्रेकची चाचणी होते. गॅरेजमध्ये बदललेल्या ब्रेकला त्या चाचणीचा आधार राहत नाही. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल समोर आला, तर दाव्यावरही वाद होऊ शकतो.

मग ब्रेक सुधारायचे कसे?

पेडल खोल जात असेल तर आधी कारण शोधावे. बहुतेकदा ते किरकोळ निघते. लायनर झिजलेले असतात, शू ॲडजस्ट केलेले नसतात किंवा नळीत हवा शिरलेली असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले की पेडल थेट तळाला जाते. त्यामुळे साधारण दोन वर्षांनी किंवा कंपनीच्या पुस्तिकेनुसार ऑइल बदलणे, पुढचे पॅड आणि डिस्क चांगल्या स्थितीत ठेवणे, मागचे ड्रम उघडून साफ करून घेणे आणि झिजलेले टायर वेळेवर बदलणे, यावर केलेला खर्च प्रत्येक ब्रेकला उपयोगी पडतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये न टाकता खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर ब्रेक कमी तापतात. चारही चाकांना डिस्क हवीच असेल, तर पुढची गाडी घेताना ती कंपनीतूनच बसवून आलेले मॉडेल निवडावे. त्यात मास्टर सिलिंडर, एबीएस आणि हँडब्रेक या सगळ्यांचा मेळ आधीच घातलेला असतो.