फुलदाणीसुद्धा वाजवून घ्यावी

माझं गाव नार्नूर, आदिलाबाद जिल्ह्यातलं. घरात मराठी, गावात तेलुगू आणि गोंडी. नोकरी हैदराबादला, सॉफ्टवेअरची. आणि छंद जपानी फुलदाण्या जमवण्याचा. छंद ऐकला की नातेवाईक आधी किंमत विचारतात, आणि किंमत ऐकली की गप्प होतात.

सुरुवात ऑफिसच्या कामामुळे झाली. काही आठवडे ओसाकाला होतो. एका रविवारी ओकायामाजवळच्या बिझेनला गेलो. तिथल्या भांड्यांना ग्लेझ नसतं. लाकडाच्या जाळावर ती कित्येक दिवस भाजतात. उडालेली राख अंगावर वितळते. भाताचा पेंढा, म्हणजे आमच्याकडचं तणस, गुंडाळलेलं असेल तिथे लालसर रेघा उमटतात. एकाच भट्टीतली दोन भांडी सारखी निघत नाहीत. तिथून मी एक ‘इचिरिनझाशी’ घेतली, म्हणजे एकाच फुलाची छोटी फुलदाणी.

मग चटक लागली. घरी आल्यावर ऑनलाइन शोधून एक महागडी फुलदाणी मागवली. सोबत लाकडी पेटी, पेटीवर कुंभाराची सही. जपानमध्ये चांगलं भांडं अशा पेटीतच देतात. मी पेटीचे फोटो चार वेळा मोठे करून पाहिले, भांड्याचे एकदा. दिवाळीला मोठ्या कौतुकाने ती गावी नेली. आजीने हातात घेतली, टिचकी मारली आणि म्हणाली, “बाबू, हे तर बद्द वाजते. वाजवून नाही घेतलं का?”

रात्री पाणी भरून ठेवलं. सकाळी टेबलावर ओल होती. बुडाजवळ केसासारखी चीर होती. पुढे एका जाणकाराने सांगितलं, पेटीही या भांड्याची नाही. निम्मा पगार गेला तो गेलाच, पण माठ घेताना आजीची टिचकी लहानपणापासून ऐकूनही मी नावाला भुललो, याचं जास्त वाईट वाटलं.

खरं तर शोजी हमादा (१८९४–१९७८) यांच्यासारखा थोर कुंभार मशिकोला स्थिरावल्यावर भांड्यांवर सहीच करत नसे. त्यांचे मित्र सोएत्सु यानागी यांनी निनावी कारागिरांच्या रोजच्या वस्तूंमधलं सौंदर्य लोकांपुढे आणलं आणि १९३६ मध्ये टोकियोत त्यासाठी संग्रहालय उभारलं. नाव नंतर, भांडं आधी, हा त्यांचा धडा मला फुटक्या फुलदाणीने शिकवला.

हा छंद करायला जपानलाच जायला हवं असं नाही. पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केली. डेबोरा जपानमध्ये शिकून आल्या होत्या. आपल्या निर्मला पटवर्धन यांनी इंग्लंडमध्ये हमादांचे मित्र बर्नार्ड लीच यांच्याकडे काम केलं आणि कुंभारकामावर पुस्तक लिहिलं. आज आपल्याकडेही स्टुडिओत भांडी घडवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जाऊन भांडं हातात घेता येतं, हे सगळ्यांत महत्त्वाचं.

घेताना तीन गोष्टी करा. उलटं करून बूड पाहा, कारागिराचा हात तिथे कळतो. टिचकी मारा, आवाज खणखणीत हवा. आणि फुलदाणी असेल तर पाणी भरून रात्रभर ठेवा. बिझेनसारखं बिनग्लेझचं भांडं असेल तर फूल ठेवण्याआधी ते पाण्यात भिजवून घ्या, रंग खुलतो.

आमच्या भागात केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाच्या पूजेसाठी नवी मडकी सिरिकोंड्याचे कुंभार घडवतात. त्यांवर ना सही, ना सोबत पेटी. मी इतकी वर्षं जत्रेला गेलो, पण ती मडकी कधी नीट पाहिली नव्हती.

यंदा संक्रांतीच्या सुगडांतलं एक मी आईकडून मागून घेतलं. बिझेनच्या फुलदाणीशेजारी ठेवण्याआधी वाजवून पाहिलं. खणखणीत होतं.